खाली हात कोणाचा?

आमच्या कॉलेजात दरवर्षी जूनच्या आधी वृक्षारोपणाची बैठक होते. मी प्लेसमेंटचं काम घेतलं त्या वर्षीही झाली. रोपं कुठून आणायची, खड्डे कोण खणणार, पाहुणे कोण, फ्लेक्सवर कोणाचे फोटो, सगळं भराभर ठरलं. चहा आला. माणसं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून प्रश्न आला.

"उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?"

"सेवा योजनेची मुलं घालतील ना सर," प्राचार्य म्हणाले.

"मुलं परीक्षा देऊन घरी जातात. आपण गेल्यावर कोण?"

"मग कॉलेज बघेल."

"कॉलेज पाणी घालत नाही, सर. माणूस घालतो. नाव सांगा."

खोलीत थोडं हसू पसरलं आणि विरलं. विचारणारा माणूस हसत नव्हता. बशीत ओतलेला चहा निववत बसला होता आणि उत्तराची वाट बघत होता. शेवटी कॅन्टीनच्या नानांचं नाव पुढे आलं, मग फाटकावरच्या पहारेकऱ्याचं, मग होस्टेलच्या मावशींचं. ज्या रोपांना नाव मिळालं तेवढीच त्या वर्षी लागली. उरलेली रोपवाटिकेला परत गेली. आज कॅन्टीनमागे जी कडुनिंबाची सावली आहे, ती नानांच्या नावावरची.

मी याद्या करणारी बाई आहे. घरी किराण्याची, लग्नकार्याची, प्रवासाची, कॉलेजात कंपन्यांची, मुलाखतींची, कागदपत्रांची. माझ्या यादीत कामापुढे एक रकाना असतो: जबाबदारी. त्या रकान्यात मी इतकी वर्षं 'कार्यालय', 'विभाग', 'समिती' असे शब्द लिहीत आले होते. त्या बैठकीनंतर तिथे माणसाचं नाव लिहू लागले. बागवान सरांकडून मी घेतलेली ही पहिली गोष्ट.

कलीम बागवान सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि कॉलेजच्या सेवा योजनेचं काम बघायचे. राहायचे नशिराबादला. रोज हायवेवरून जुन्या स्कूटरवर यायचे. मध्यम उंची, पांढरी होत चाललेली दाढी, अर्ध्या बाहीचा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी कॉलेजात प्रसिद्ध होती, कारण ती वाजलेली कोणी ऐकली नव्हती. "मग घालता कशाला?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वाजवायची वेळ आली तर हाताशी असावी. पण शिट्टी वाजली की मुलं कामाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात."

खिशात नेहमी लिंबू. उन्हात कोणी पोर मलूल दिसलं की लिंबू काढायचे. शाबासकीचा त्यांचा शब्द एकच होता: "चालेल." फारच खूश असले तर "चालेल की." त्या 'की'साठी मुलं मरमर मरायची.

आणि फ्लेक्स. कार्यक्रम झाला की जुने फ्लेक्स ते गुंडाळून ठेवायचे. शिबिरात तेच उलटे अंथरून पंगती बसायच्या. एकदा वाऱ्याने फ्लेक्स उलटला आणि कोणा पुढाऱ्याचा हसरा चेहरा वर आला. मुलं बिचकून उभी राहिली. सर वरण वाढता वाढता म्हणाले, "बसा, बसा. मान्यवरांना कधी नव्हे ते जनतेचं वजन कळू द्या."

सुरुवातीला आमचं फारसं जमत नव्हतं. माझं काम मुलांना नोकऱ्या मिळवून देण्याचं. मला वाटायचं, ही पोरं गावोगाव फावडी मारत हिंडण्यापेक्षा चार दिवस मुलाखतीची तयारी करतील तर बरं. एकदा मी त्यांच्याकडे एक कागद घेऊन गेले. स्वयंसेवेतून विद्यार्थ्यांना मिळणारी कौशल्यं, अशी यादी मला माहितीपत्रकात छापायची होती. संवाद कौशल्य, नेतृत्व, वेळेचं नियोजन, सांघिक भावना. सरांनी चष्मा लावून वाचलं.

"यादीवाल्या मॅडम, यात चूक काही नाही."

"मग?"

"देवळातल्या घंटेलाही संवाद कौशल्य आहे. काय शिकला ते असं लिहा, की नंतर कोणाला तपासता आलं पाहिजे."

मला राग आला. कागद मी तसाच छापला. वाचला कोणी नाही, तो भाग वेगळा.

ते स्वतः काय शिकवतात हे मला पारोळ्याच्या वाटेवर कळलं. त्यांचं हिवाळी शिबिर पारोळा तालुक्यातल्या एका गावात होतं आणि मी कॉलेजच्या गाडीतून त्यांच्याबरोबर गाव बघायला निघाले होते. एरंडोलच्या पुढे केळीने भरलेला एक ट्रक आमच्यासमोर चालला होता. सर बराच वेळ त्या घडांकडे बघत होते.

"माझे अब्बा केळीच्या व्यापारात होते," ते म्हणाले. "तापीकाठच्या बागा घ्यायचे. सुट्टीत मला घेऊन जायचे. घड उतरवायला दोघं लागतात. एक कोयता मारतो, दुसरा खाली खांद्यावर गादी घेऊन उभा राहतो. घड गादीवर आला पाहिजे. जमिनीवर आला तर फळ काळं पडतं, आणि ते त्या दिवशी दिसत नाही. दोन दिवसांनी बाजारात दिसतं. मला कोयता मारायची फार हौस. पहिल्यांदा हातात मिळाला आणि मी लगेच उगारला. अब्बांनी मनगट धरलं. म्हणाले, आधी खाली बघ. खाली हात कोणाचा आहे? तो तयार आहे का? मग मार."

ट्रक वळला. सर म्हणाले, "कॉलेजात आपण सगळ्यांना कोयता मारायला शिकवतो. खाली बघायला कोणी शिकवत नाही."

त्यांच्या शिबिराची सगळी रीत यावर उभी होती, आणि अब्बांचा तो प्रश्न मुलं कामावर एकमेकांना विचारायची. काम कितीही चांगलं झालं तरी ते पूर्ण धरलं जायचं नाही, जोपर्यंत ते गावातल्या कोणाला तरी सोपवलं जात नाही. सोपवायचं म्हणजे भाषण करून, नारळ फोडून नव्हे. त्याच्या तीन पायऱ्या होत्या आणि मुलं त्या टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायची: दाखवा, करू द्या, गप्प बसा. सर म्हणायचे की पहिल्या दोन कोणालाही जमतात, तिसरीला शिबिर लागतं.

त्या शिबिरात सोनल महाजन होती. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, जळगावातल्या एका टेलरची. कामाला वाघ आणि जिभेला तिखट. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "राहू दे, मीच करते, लवकर होतं." त्यामुळे तिच्या गटातली बाकीची मुलं सावलीत बसून तिचं कौतुक करायची. तिच्याकडे नळाजवळच्या शोषखड्ड्यांचं काम होतं. सांडपाणी जमिनीत मुरावं म्हणून खड्ड्यात दगड-विटा भरायच्या आणि तोंडाशी भोकाचं मडकं बसवायचं. मडक्यात काथ्या असतो, त्यात घाण अडकते. तो काथ्या वरचेवर काढून धुवावा लागतो. नाही धुतला तर खड्डा तुंबतो आणि आधीपेक्षा जास्त चिखल होतो. म्हणजे खड्डा खणणं सोपं, काथ्या धुणारा माणूस मिळणं अवघड.

समारोपाचा दिवस मुलांनीच ठरवला. समारोपालाच गावाला जमवायचं, खड्डे सोपवायचे आणि दुपारच्या गाडीने परतायचं. फळ्यावर तसं लिहिलं. मी त्या दिवशी सकाळी पोहोचले. मंडप सजलेला, सतरंज्या अंथरलेल्या, माईकवर एक मुलगा हॅलो हॅलो करतोय, आणि समोर एक म्हातारे आबा आणि त्यांची शेळी. बाकी गाव रिकामं. घरांना कड्या.

सोनल आबांपुढे जाऊन उभी राहिली. "आबा, लोक कुठे गेले?"

"आज बजार शे ना, पोरी!" आबा म्हणाले. "बठ्ठा गाव पारोळाले गया. तुमले कोनी सांगं नही का?"

आठवडी बाजाराचा दिवस. जळगावात रोजच बाजार असतो, त्यामुळे ही गोष्ट एकाही पोराच्या डोक्यात आली नव्हती. सोनल वळली ती थेट सरांकडे. सर शाळेच्या ओट्यावर फ्लेक्सच्या घड्या घालत होते.

"सर, तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"मग सांगितलं का नाही? आठवडाभर फळ्यावर लिहिलेलं होतं!"

"मी सांगितलं असतं तर तू दिवस माझ्याकडून घेतला असता. तो गावाकडून घ्यायचा असतो. आठवडाभर या लोकांच्या दारात काम केलंस. एकदा तरी विचारलंस, या दिवशी घरी आहात का?"

सोनलचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, ते सांगता येणार नाही. मीही सरांना म्हणाले, "अहो, असं पोरांचं हसं करू नये." ते म्हणाले, "हसं करायला गावात आहे कोण?"

सोनलने तोंडावरून ओढणी फिरवली. "बाजारातून लोक कधी येतात?"

"दिवस कलला की," आबा म्हणाले.

"सर, मग गाडी थांबवा."

"गाडी माझ्याकडे नाही. वाहतूक कोणाकडे आहे, त्याला सांग."

तिने सांगितलं. गाडीवाला कुरकुरला, मुलांनी त्याला जेवायला घातलं, तो थांबला. संध्याकाळी जीपा येऊ लागल्या. पिशव्या, भाज्या, नवी टोपली, कडेवर पेंगलेली पोरं. सोनलने मंडप, माईक, सतरंज्या सगळं सोडून दिलं आणि नळाशी जाऊन उभी राहिली. एक अक्का बाजाराची पिशवी तशीच हातात घेऊन थांबल्या.

"तुम्ही चालना जाशात," अक्का म्हणाल्या, "मंग हाई कोन दखी?"

म्हणजे तुम्ही निघून जाल, मग हे बघणार कोण. तोच प्रश्न. मी सरांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच.

"तुम्ही बघाल का अक्का?" सोनलने विचारलं. "तुमच्या दारासमोरच आहे."

"दखसू. पन माले एकदाव करी दखाड."

सोनलने करून दाखवलं. मग अक्कांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि काथ्या धुऊन मडक्यात परत भरला. भरला तो इतका दाबून, की पाणी वरच तुंबलं. सोनलचा हात आपोआप पुढे गेला. "राहू द्या, मीच" एवढं तोंडातून निघालंही. ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला. सोनलने हात मागे घेतला आणि पाठीमागे दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. अक्का त्या तुंबलेल्या पाण्याकडे बघत राहिल्या, मग "जास्तीच दाबी दिना का?" असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी काथ्या सैल केला. पाणी खाली गेलं.

"झालं!" अक्का म्हणाल्या.

गाडीत बसताना सर सोनलला म्हणाले, "चालेल की."

पुढच्या उन्हाळ्याआधी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी आमच्याकडे मुलाखतींना आली. मी यादीप्रमाणे मुलं बसवली, आणि नियमाप्रमाणे खोलीच्या कोपऱ्यात स्वतःही बसले. उत्पादन विभागाचे एक साहेब होते, धुळ्याचे, कमी बोलणारे. प्रत्येक मुलाला त्यांनी सांघिक कामाबद्दल विचारलं आणि प्रत्येकाने माझ्या माहितीपत्रकातलं वाक्य म्हणून दाखवलं. मला पहिल्यांदाच ती घंटा ऐकू आली.

सोनल आत आली. वडिलांनी शिवलेला नवा कुडता, हातात फाईल. तिला या नोकरीची गरज होती, हे मला माहीत होतं आणि तिच्या चेहऱ्यावरही दिसत होतं. साहेबांनी तोच प्रश्न विचारला.

"सर, मी आधी सगळं एकटी करायचे," ती म्हणाली. "त्याला मी काम समजत होते."

मग तिने बाजाराच्या दिवसाची गोष्ट सांगितली. रिकामा मंडप, आबा, शेळी, सगळं. नंतर स्वतःहून त्या गावी जाऊन आली होती, तेही सांगितलं. "मी नुसतं तोंडी समजावून दिलेले खड्डे तुंबले होते. अक्कांचा चालू होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "समज, तुझी शिफ्ट संपली. पुढचा माणूस उशिरा आलाय, घाईत आहे. मशीनमध्ये थोडा बिघाड आहे, पण चालू आहे. तू त्याला काय सांगशील?"

"नुसतं सांगणार नाही सर. मशीनपाशी नेईन, दाखवीन, आणि काय चालू आहे ते त्याच्याकडून ऐकीन. त्याने नीट सांगितलं तर निघेन."

"आणि तुझी बस गेली तर?"

"दुसरी असते ना, सर."

सोनल बाहेर गेल्यावर साहेब मला म्हणाले, "मॅडम, आमच्याकडच्या चुका मशीन चालताना कमी होतात. शिफ्ट बदलताना होतात. हे शिकवायला आम्हाला वर्ष जातं. हिला कोणी शिकवलं?"

मी नाव सांगितलं. सोनलची निवड झाली. धुळ्याला मावशीकडे राहून ती नरडाण्याला जाऊ लागली. सरांना ही बातमी सांगायला मी प्रयोगशाळेत गेले, तेव्हा ते बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते. म्हणाले, "तिची जागा आता गटात कोण घेणार, ते तिने सांगितलंय का?" माहितीपत्रक मी त्याच आठवड्यात बदललं. कौशल्यांची यादी काढून टाकली आणि तिथे प्रत्येक मुलाने कोणतं काम कोणाला सोपवलं, ते नावासकट छापलं. कंपन्या ते वाचतात. फोन करून विचारतात.

इथवर सगळं सरांच्या बाजूचं झालं. आता दुसरं.

सगळ्यांना सोपवायला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःचं काम मात्र कधी कोणाला सोपवलं नव्हतं. सेवा योजना म्हणजे बागवान सर. गावाशी बोलणं त्यांचं, शिध्याची खोली त्यांची, किल्ली त्यांची, गाडीवाले त्यांच्या ओळखीचे. निवृत्तीला एक वर्ष उरलं, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं. "सरांच्या जागी कोणी तयार नसेल तर आपण शिबिर बंद करू. कॅम्पसमध्येच दोन कार्यक्रम घेऊ, प्रमाणपत्रं देऊ. जबाबदारी कोण घेतो, मॅडम? बाहेरगावी मुलं न्यायची म्हणजे खेळ नाही."

मी यादी केली. यादी घेऊन सरांकडे गेले.

"हे कसे वाटतात?"

"चांगले आहेत. पण यांना ऊन सोसत नाही."

"या?"

"या फार ओरडतात."

"बरं, दीपाली भामरे मॅडम?"

भामरे मॅडम संख्याशास्त्राच्या, शिंदखेड्याकडच्या, वयाने तरुण. मोठ्याने हसणाऱ्या. अहिराणीत बोलायला लागल्या की गावातल्या बायका त्यांना चुलीपाशी बसवायच्या. पण वस्तू हरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

"त्या स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून शोधतात," सर म्हणाले. "त्यांच्या हातात शंभर पोरं द्यायची?"

"मग कोण?"

"बघू."

असं 'बघू' करत दिवाळी आली. हिवाळी शिबिर तोंडावर आलं. हे त्यांचं शेवटचं. तयारीच्या बैठकीला जुनी मुलं यायची पद्धत होती, तशी सोनलही सुट्टी काढून आली. आता तिच्या बोलण्यात कारखान्याचा ठामपणा आला होता. सर फळ्यावर कामं लिहीत होते. शेवटी त्यांनी खडू ठेवला आणि सवयीने विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?"

सोनल उभी राहिली. "सर, पुढच्या वर्षी आपण गेल्यावर कोण?"



"कॉलेज बघेल," सर म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो, ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"कॉलेज पाणी घालत नाही, सर," सोनल म्हणाली. त्या बैठकीतलं हे वाक्य सर प्रत्येक शिबिरात मुलांना ऐकवायचे. आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. "नाव?"

सरांनी फळ्याकडे तोंड करून खडू उचलला आणि परत ठेवला. मग वळले. भामरे मॅडम दारातच उभ्या होत्या, हातात चहाचा कप, चष्मा डोक्यावर.

"मॅडम, तुम्ही येता का शिबिराला?"

"येते की! कोणत्या दिवशी?"

"सगळे दिवस. या वेळी शिबिर तुमचं. मी तुमच्या हाताखाली."

"आई गं!" मॅडम म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. खिशातलं लिंबू हातात घेऊन ते फिरवत राहिले.

त्या शिबिरातला एक प्रसंग मी डोळ्यांनी बघितला. जेवणाआधी शिध्याच्या खोलीची किल्ली हरवली. ती मॅडमकडे होती. मुलांनी पिशव्या झाडल्या, गवत उपसलं, मॅडमनी स्वतःचा अंबाडासुद्धा चाचपून बघितला. डाळ-तांदूळ आत, चुली पेटलेल्या, आणि भुकेली पोरं फ्लेक्सवर बसून ताटं वाजवतायत.

सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणार, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांच्याकडे प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली होती. मी हळूच म्हटलं, "सर, द्या ना."

"काय?"

"तुमच्या खिशात आहे ती."

त्यांनी खिशात हात घातला, आणि हात आतच राहिला. बाहेर निघेना. दाखवून झालं होतं, करू देऊन झालं होतं, ही तिसरी पायरी होती. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली. ती त्यांना किती जड जात होती, हे मी अगदी हातभरावरून बघत होते.

तिकडे मॅडमनी शोधणं थांबवलं. शेजारच्या घरापुढे एक आजी धान्य निवडत बसली होती. मॅडम तिच्यापाशी उकिडव्या बसल्या आणि अहिराणीत काहीतरी बोलल्या. आजी खोखो हसली. पाचच घरांत निरोप गेला, आणि थोड्या वेळात बायका भाकरी, ठेचा, कढी घेऊन शाळेच्या पटांगणात आल्या. पोरं जेवली. जेवताना कोणती भाकरी कोणाच्या घरची, कोणाची आजी कोण, सगळं कळलं. सरांच्या शिबिरात गाव इतक्या लवकर कधी पटांगणात आलं नव्हतं. किल्ली नंतर मॅडमच्याच चपलेखाली सापडली.

सर म्हणाले, "शिबिर माझ्याकडे असतं तर वेळेवर खिचडी झाली असती."

"हो."

"आणि गाव आपापल्या घरी जेवलं असतं." मग म्हणाले, "चालेल की."

शेवटच्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळ्या दुसऱ्या किल्ल्या दिल्या. गळ्यातली शिट्टीही दिली. मॅडमनी ती हातात घेतली आणि तिथेच जोरात वाजवली. सर दचकले. इतकी वर्षं ती चालू स्थितीत होती, हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शिबिर पुन्हा झालं. मॅडमनी सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते स्कूटरवर आले. व्यासपीठावर बसले नाहीत, उलट्या फ्लेक्सवर पोरांच्या पंगतीत बसले. शिट्ट्या वाजत होत्या, गाणी चालली होती, फळ्यावर कामं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेली होती. जेवणं झाल्यावर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, काही सूचना?"

"नाही," ते म्हणाले.

मी त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला गेले. तेवढ्यात पाण्याचे भरलेले ड्रम घेऊन टेम्पो आला. पहिल्या वर्षाची पोरं धावली. एक दणकट मुलगा वर चढला आणि त्याने ड्रम कडेला रेटायला सुरुवात केली. खाली दोघं गप्पा मारत उभे होते, कोणाचं लक्ष नव्हतं. सरांचा हात झटकन गळ्याकडे गेला. तिथे शिट्टी नव्हती. हात तसाच छातीवर थांबला.

"ए, थांब!" टेम्पोच्या मागून एका मुलीचा आवाज आला. त्याच वर्षी कॉलेजात आलेली, सरांना ओळखतही नसलेली. "आधी खाली बघ ना रे! खाली हात कोणाचा आहे?"

वरचा मुलगा थांबला. खालचे दोघं वळले, पाय रोवले, हात लावले. ड्रम अलगद उतरला.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी छातीवरचा हात खाली घेतला, खिशातलं लिंबू काढून माझ्या हातात ठेवलं आणि स्कूटरला किक मारली. हायवेला लागेपर्यंत मी बघत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.